गाण्याची डब्बी : कामाच्या नोंदी

१० ऑगस्ट २०२५, रविवार

काल राखी होती. बायको लेकीला घेऊन हिंगण्याला भावाकडे जाऊन आली. येताना मामानं भाचीला गाणी ऐकायची डब्बी दिली. डब्बी हे नाव धनूनं ठेवलेलं, खोक्यावर म्युझिक प्लेअर छापलंय. आगपेटीहून बोटभर लांब, पाच बटणं, दोन इंचांच्या आतला पडदा, पोटात ८ जीबी जागा, कडेला मेमरी कार्डाची फट. सोबत हेडफोन आणि वीतभर वायर. इंटरनेट नाही, कॅमेरा नाही, गेम नाही. नाही म्हणूनच घेतला, असं मामाचं म्हणणं. धनू तिसरीत आहे. गाणं लावते म्हणून मोबाईल नेते आणि अर्ध्या तासानं भलत्याच व्हिडिओत अडकलेली सापडते.

डब्बी रिकामी आहे. "बाबा, तुमाले भरता येते काय याच्यात गाणे?"

मला! २०१० पासून पाच-सहा वर्षं माझा धंदाच तो होता. आर्वीच्या बसस्टँडजवळ पानठेल्याएवढं दुकान आणि बाहेर पाटी : 'मेमरी कार्डमध्ये गाणे भरून मिळतील'. २ जीबीचं कार्ड गच्च भरायचे वीस रुपये. लग्नसराईत तर जेवायलाही उठता येत नसे. ते काम कायद्यात बसणारं नव्हतं, हे तेव्हाही ठाऊक होतं. सगळीकडे चालत होतं म्हणून मीही चालवलं. २०१६ नंतर फोर-जी स्वस्त झालं, कार्ड घेऊन येणारं गिऱ्हाईक बंद झालं आणि मी गावात परत येऊन सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला लागलो.

अंदाज लिहून ठेवतो, नंतर तपासायला बरं. वेळ : दहा मिनिटं. खर्च : नाही. शेवटची तारीख : तान्हा पोळा, म्हणजे २३ ऑगस्ट. त्या दिवशी धनूला झडती, म्हणजे पोळ्याचे यमकातले बोल, म्हणायची आहे आणि पाठ करायला ती डब्बीत पाहिजे.

११ ऑगस्ट, सोमवार

दहा मिनिटं केव्हाच संपली.

डब्बी कॉम्प्युटरला लावली की पडद्यावर बॅटरीचं चित्र येतं आणि चार्जिंग सुरू होतं. पण कॉम्प्युटरला ती दिसत नाही. पुढचा पोर्ट, मागचा पोर्ट, रीस्टार्ट, ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र कॉम्प्युटरला ओळखू येतं तो प्रोग्राम) काढला, पुन्हा टाकला. साडेनऊला लाईट गेली. अंधारात हात बांधून बसलो तेव्हा डोकं चालायला लागलं : वायर!

यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. लाल आणि काळी विजेची, हिरवी आणि पांढरी माहितीची. स्वस्तातल्या बऱ्याच वायरींत शेवटच्या दोन घालतच नाहीत. चार्जिंग होतं, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही. सोबत आलेली वायर ब्लेडनं सोलली (रागानं सोलली, हे खरं). आत दोनच तारा. ड्रॉवरमध्ये जुन्या फोनची जाड वायर होती, लाईट आल्यावर ती लावली आणि दोन सेकंदांत डब्बी दिसली. दोन तास बिचाऱ्या ड्रायव्हरला शिव्या घातल्या.

८ जीबी लिहिलंय, कॉम्प्युटर ७.४५ दाखवतो. यात कोणी चोरलेलं नाही. बनवणारा हजाराच्या हिशोबानं मोजतो, कॉम्प्युटर १०२४ च्या. दुकानात असताना या एका प्रश्नावर मी रोज भांडलोय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बायकोच्या फोनमध्ये गाण्यांचं ॲप आहे, वर्षाचे पैसे भरलेले. त्यात धनूची बरीच गाणी 'डाउनलोड' केलेली आहेत. म्हटलं, तीच उचलून डब्बीत टाकू.

नाही होत. फोनच्या फोल्डरात शिरलो तर गाणी तिथे आहेत, पण नावं म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी, आणि आतला मजकूर कुलूपबंद. किल्ली फक्त त्या ॲपकडे. डाउनलोड म्हणजे नेटशिवाय वाजवायची मुभा, तीही वर्गणी चालू आहे तोवर, त्याच ॲपमध्ये. फाईल आपल्या हाती येत नाही. कुलूप तोडायचे उद्योग असतात, पण त्या वाटेला जायचं नाही असं ठरवलं. एकदा चाललोय त्या वाटेनं.

हे सगळं धनूला सांगत होतो तर आई भाकरी थापता थापता ऐकत होती.

"पैसे भरूनही गानं आपलं नाही?"

"नाही."

"मंग भाड्याची जोडी झाली थे. वखरून घ्या अन् सांजेले नेऊन बांधा."

याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

धनूची यादी आली, वहीच्या मधल्या पानावर. ८ जीबीत १२८ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट) चार मिनिटांची दोन हजारांवर गाणी मावतात. तिला हवीत बावीस. त्यात शाळेची प्रार्थना, लेझीमचा ठेका, पोळ्याच्या झडत्या, आजीचं खंजिरीवरचं भजन, वरातीत वाजतात ती दोन डीजेची गाणी, मामानं व्हॉट्सॲपवर सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट. एकविसाव्या नंबरावर 'पिठाची चक्की' आणि बाविसाव्यावर 'आपला बोकड्या'. विचारलं, हे गाणे आहेत काय? म्हणे, "मले आवडते."

१३ ऑगस्ट, बुधवार

माळ्यावरून दुकानातली जुनी हार्ड डिस्क काढली. १६० जीबी, वर मार्करनं लिहिलेलं 'फायनल माल'. जोडायला अडाप्टर आर्वीहून मागवला, साडेतीनशे रुपये. म्हणजे खर्चाचा अंदाजही गेला.

पहिल्यांदा लावली तर टक टक टक, आणि गप्प. अशा आवाजाचा अर्थ बहुतेकदा एकच असतो. तासभर तशीच ठेवली, पुन्हा लावली आणि देव पावला. फोल्डर उघडले : 'वरात', 'भीमगीत', 'भजन', 'पोळा डीजे', 'रडकी', 'ट्रकवाले स्पेशल'. एकेका नावामागे माणसं उभी राहिली. 'रडकी' फोल्डर कुणासाठी बनवला होता ते लिहीत नाही, तो आता दोन लेकरांचा बाप आहे.

यादीतली नऊ गाणी निघाली. त्यातल्या चार गाण्यांच्या सीड्या आईच्या पेटीत आहेत, ती पुन्हा सीडीवरून घेणार. उरलेल्या पाचांबद्दल माझं मन साफ नाही, पण आज तरी ती आहेत.

सीडीवरून का घ्यायची, तर जुन्या फाईली ६४ केबीपीएसच्या आहेत. सीडीवर सेकंदाला साधारण १४११ किलोबिट असतात. १२८ चं एमपीथ्री म्हणजे त्याचा अकरावा भाग, ६४ म्हणजे बाविसावा. कानाला जे फारसं जाणवत नाही ते टाकून द्यायचं, ही एमपीथ्रीची युक्ती. १२८ ला ती बऱ्यापैकी जमते. ६४ ला टाळ-झांज पाण्यात बुडवून वाजवल्यागत येते. दुकानात मी मुद्दाम ६४ करून ठेवायचो, कार्डात 'हजार गाणे' बसवायला. आता ६४ चं १२८ करूनही काही परत येत नाही. तुरीची डाळ केल्यावर पुन्हा तूर कुठून होणार!

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन, जिलेबी, पाऊस. दुपारी डब्बीत नऊ गाणी टाकून धनूच्या हातात दिली.

थोड्या वेळानं आली. "बाबा, हा कोन गायक हाये? सगळे गाणे यानंच म्हटले."

पाहिलं तर गायकाच्या जागी एका वेबसाइटचं नाव. भजनाचा गायक तीच, वरातीची गायिकाही तीच. एमपीथ्री फाईलच्या आत एक चिठ्ठी असते, टॅग म्हणतात तिला. गाण्याचं नाव, गायक, अल्बम, साल, सगळं तिच्यात. फाईलचं नाव बाहेरून बदललं तरी आतली चिठ्ठी तशीच राहते, आणि डब्बी चिठ्ठीच वाचते. त्या काळी गाणी वाटणाऱ्या वेबसाइटी आपली जाहिरात तिथे चिकटवून देत. मी हजारो कार्डांतून ती गावोगाव पोचवली, फुकट.

एमपीथ्रीटॅग नावाचं सॉफ्टवेअर यासाठी चांगलं आहे. नऊही चिठ्ठ्या कोऱ्या केल्या आणि हौसेनं मराठीत लिहिल्या. 'आजीचं भजन', 'शाळेची प्रार्थना'. डब्बीत टाकल्या.

"बाबा, याच्यात खोके-खोके दिसून राह्यले."

प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन. आधी वाटलं चिठ्ठीची पद्धत चुकली. जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये नावाला ३० बाइटच जागा असते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं अक्षर ३ बाइट खातं, शिवाय काना, वेलांटी आणि पायमोडका यांचे प्रत्येकी ३ वेगळे. 'तान्हा पोळ' लिहीपर्यंत २८ संपतात. नव्या पद्धतीत तशी अडचण नाही, म्हणून सगळं नव्या पद्धतीनं केलं. तरी चौकोनच. मग डब्बीच्या भाषांची यादी उघडली : इंग्रजी आहे, चिनी आहे, युरोपातल्या पाच-सहा आहेत, आपली एकही नाही. अक्षरंच आत नाहीत तर दाखवणार काय. आणि नुसती अक्षरं असून भागत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण लिहिली नंतर जाते, जोडाक्षरं जुळवावी लागतात. तेवढी अक्कल या डब्बीत कोणी घातलेली नाही.

इंग्रजीत नावं लिहू का विचारलं. धनूला इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, शब्द जुळवताना मात्र ती गाणं विसरते. तूर्त नुसते आकडे : ०१, ०२, ०३. कोणतं गाणं कोणतं, ते वहीत.

१७ ऑगस्ट, रविवार

आजचा पूर्ण दिवस एका गोष्टीत गेला आणि त्यात मी स्वतःच उघडा पडलो.

धनूचा क्रम ठरलेला आहे. आधी प्रार्थना, मग लेझीम, मग भजन. डीजे संध्याकाळी, म्हणून शेवटी. मी फाईलींना त्याच क्रमानं आकडे दिले. डब्बीनं आधी वाजवलं ०४. मग ०१, ०२, ०३, मग ०५. मधलं एक गाणं काढून दुसरं टाकलं तर ते शेवटी जायच्या ऐवजी मधेच जाऊन बसलं.

कारण हे की ही डब्बी आकडे पाहतच नाही. शाळेचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. नावं अकारविल्हे लावलेली नाहीत, ज्या क्रमानं पोरं दाखल झाली त्या क्रमानं लिहिलेली आहेत. डब्बी गुरुजींसारखी वरून खाली हजेरी घेते, बस. आपला कॉम्प्युटर तोच पट उघडताना नावं क्रमानं लावून दाखवतो, म्हणून आपल्याला सगळं नीट वाटतं. गाणं डिलीट केलं तर नाव खोडलं जात नाही. पहिल्या खान्यात 'गेला' अशी खूण होते, आणि पुढचं नवं पोरगं त्याच ओळीत बसवलं जाऊ शकतं.

मग ०४ आधी का? ते माझ्या हातानं झालं. सगळ्या फाईली निवडून ओढत नेताना माउस चौथीवर धरला होता. विंडोज जिला धरून ओढलं तिच्यापासून कॉपीला सुरुवात करतं. दोनदा करून पाहिलं. सातवीला धरून ओढलं की सातवी आधी.

उपाय काही मोठा नाही. डब्बी तिच्याच मेनूमधून फॉरमॅट करायची, मग एकेक फाईल क्रमानं टाकायची. आधीची पूर्ण गेल्याशिवाय दुसरी नाही. मी त्यासाठी दोन ओळींची बॅच फाईल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची चिठ्ठी, लिहिली. लिनक्सवाल्यांना फॅटसॉर्ट आहे, ते हजेरीपटच नव्यानं लिहून देतं. आणि वायर काढायच्या आधी कॉम्प्युटरला सांगायचं. आज घाईत उपसली तर शेवटचं गाणं शून्य केबीचं निघालं.

उघडा पडलो तो असा. दुकानात महिन्यातून चार-पाच जण तरी यायचे, "भाऊ, गाणे उलटेसुलटे लागून राह्यले." मी बिनधास्त सांगायचो, "तुमचा मोबाईल खराब हाये." पाच वर्षं सांगितलं. एका म्हाताऱ्या वारकऱ्याला हरिपाठ क्रमानं हवा होता. तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी त्याला तेच ऐकवून परत पाठवलं. मोबाईल चांगला होता, काका.

१८ ऑगस्ट, सोमवार

मामाची गोष्ट डब्बीला वाजवता येत नाही. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेलं ओपस या प्रकारात येतं, फोनचा रेकॉर्डर एमफोरए करतो, आणि डब्बीला एमपीथ्री आणि वेव्ह एवढंच खाता येतं. व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये 'कन्व्हर्ट' आहे, त्यानं केलं. नुसतं बोलणं असेल तर मोनो आणि ६४ पुरे, तिथे झांज नसते.

एमपीथ्री तसं म्हातारं झालंय. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी १९९५ च्या जुलैत हे तीन अक्षरी नाव फाईलीला लावायचं ठरवलं. पेटंटचा परवाना घ्यायची भानगडही २०१७ मध्ये संपली. त्याहून चांगले प्रकार आलेत. पण सगळ्यात स्वस्त डब्बीलाही जे वाजवता येतं ते अजून तेच.

चक्की आज रेकॉर्ड झाली. चक्कीवाल्यानं विचारलं, "कायले?" सांगितलं. तो म्हणाला, "मंग थांबा, ज्वारी टाकतो, तिचा आवाज चांगला येते." बोकड्या मात्र मोबाईल पाहिला की गप्प बसतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

झडत्या. इकडच्या नसलेल्यांसाठी सांगतो. पोळ्याला बैलं तोरणाखाली उभी राहिली की गावातली माणसं यमकातले बोल ठसक्यात म्हणतात. कुणी पावसाला टोमणा मारतो, कुणी सावकाराला, कुणी सरपंचाला, आणि शेवटी सगळे मिळून हर हर महादेव. तोरण तुटेपर्यंत एकाला एक चढवणं चालतं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. लाकडी बैल घेऊन पोट्टे येतात, झडती म्हणतात, घरोघर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, मागतात. सिंदी रेल्वे गावातल्यासारखे माणसाहून उंच लाकडी नंदी आमच्याकडे नाहीत. धनूचा बैल वीतभर आहे, एक शिंग फेव्हिकॉलनं चिकटवलेलं.

झडत्या सांगणारे आमच्या गल्लीत आबाजी. वय ऐंशीच्या पुढे, दात मोजके, ठसका शाबूत. संध्याकाळी धनूला घेऊन त्यांच्या ओसरीत बसलो. पहिली झडती वाया गेली, पंख्याच्या घरघरीनं. पंखा बंद केला तर टिनावर पाऊस सुरू झाला. आतल्या खोलीत कापसाच्या गाठोड्यांमधे गेलो. तिथे जो आवाज आला तो कुठल्या स्टुडिओत येणार नाही. गेल्या हंगामातला थोडा कापूस भावाच्या आशेनं ठेवलेला होता, त्यानं भिंतीवरचा घुमारा सगळा पिऊन टाकला. भावानं दगा दिला तरी कापूस कामी आला. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला, समोर धरला की 'प' आणि 'फ' ला फुर्र होतं.

चार झडत्या झाल्या. धनूची तिसरी. तिच्यात तिसऱ्या ओळीच्या अर्ध्यात आबाजींना खोकला आला. पुन्हा म्हणता का विचारलं तर म्हणाले, "एकदा म्हनलं थे म्हनलं."

काम : खोकला ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) कापणे.

२० ऑगस्ट, बुधवार

आवाजाचं काम. आजीचं भजन हळू, डीजे कान फाडणारं. धनू भजनाला आवाज वाढवते, पुढचं गाणं लागलं की हेडफोन फेकते. एमपीथ्रीगेन नावाच्या सॉफ्टवेअरनं सगळ्या फाईली ८९ वर आणल्या. हे ८९ कानातले डेसिबल नव्हेत, फाईलींची आपसातली तुलना करायचं माप आहे. ते दीड-दीड डेसिबलच्या पायरीनं वर-खाली करतं आणि गाणं पुन्हा दाबत नाही, म्हणून डाळीची आणखी चुरी होत नाही.

कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मुलांना ७५ डेसिबल, तेही आठवड्याला ४० तास, आणि ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. डब्बीत कमाल आवाज ठरवता येतो, तिसातला पंधरावर बांधला. हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारली तर तिला ऐकू आली पाहिजे, अशी परीक्षा घेतली. पास. (चहा नेऊन दे म्हटलं तेव्हा नापास, पण ते हेडफोनमुळे नाही.)

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदेमळणी. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी, आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या'.

नावांचा प्रश्न धनूनं सोडवला. चित्र-फाईली चाळताना मी तिला अल्बमचं चित्र दाखवत होतो, गाणं वाजताना पडद्यावर येतं ते. ती म्हणाली, "मंग मी नाव काहाडतो नं त्याच्यात." तिला अक्षरं हवी होती ना, चित्र म्हणूनच टाकू. बावीस चौकोनी कागद कापले. तिनं स्केचपेननं प्रत्येकावर मराठीत नाव लिहिलं आणि शेजारी काहीतरी काढलं. भजनाला खंजिरी, चक्कीला चक्की, डीजेला नुसतेच लाल-हिरवे गोळे. फोटो काढले आणि टॅगमध्ये चिकटवले.

पहिला प्रयत्न : डब्बी गोठली. फोनचा फोटो तीन-चार एमबीचा, गाण्याएवढा. २४० बाय २४० केले. दुसरा प्रयत्न : तेरा दिसले, नऊ काळे. ते नऊ मी दुसऱ्या ॲपमधून सेव्ह केले होते. जेपीईजीचे दोन प्रकार असतात. एक वरून खाली ओळीनं उलगडतो, तो साधा, बेसलाइन. दुसरा आधी धूसर येतो मग स्वच्छ होत जातो, तो प्रोग्रेसिव्ह. डब्बीला पहिलाच कळतो. नऊही चित्रं साध्या प्रकारात सेव्ह केली आणि रात्री अकराला बावीसच्या बावीस दिसली. यादीत अजून आकडेच आहेत, पण गाणं लागलं की तिच्या अक्षरातलं नाव येतं. बोकड्या चौथ्या दिवशी बोलला, पहाटे, चारा उशिरा मिळाला म्हणून. तोही आत आहे.

धनू झडतीवर बसली आहे. डब्बीत एक सोय सापडली : गाण्यात एक जागा धरायची, दुसरी जागा धरायची, मधला तुकडा फिरून फिरून वाजतो. एकेक ओळ अशी घोटते आहे.

खोकला : राहिला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. काम नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. मारुतीच्या पारासमोर चाळीसेक पोट्टे, कुणाचा बैल चाकांवर, कुणाचा काखेत. धनू हेडफोन लावूनच उभी होती, नंबर आला तेव्हा तिच्या आईनं ओढून काढला.

चांगली म्हणाली. ठसका आबाजींचाच, दम घेण्याच्या जागाही त्यांच्याच. तिसऱ्या ओळीच्या अर्ध्यात थांबली, तोंडापाशी मूठ नेली, दोनदा खोकली आणि पुढची अर्धी ओळ धरली.

पार हसला. आबाजी ओट्यावर होते, आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं तेव्हा हसता हसता त्यांना खराच खोकला लागला, आणि धनू रागानं त्यांच्याकडे पाहत राहिली, कारण तिच्या मते तो झडतीतलाच भाग होता आणि त्यांनी चुकीच्या जागी म्हटला. बोजारा एकशे चाळीस रुपये.

ऑडॅसिटी उघडली नाही. ते काम यादीतून काढलं.

३१ ऑगस्ट, रविवार

धनूनं आपल्या हातानं एक डीजे गाणं उडवलं आणि तिथे बोकड्या दुसऱ्यांदा टाकला. तो बरोबर त्याच ओळीत बसला. हजेरीपटाचं गणित तिला माझ्याआधी समजलंय. आता भुलाबाईची गाणी भरायची म्हणते, भाद्रपद पुनवेला आठवडा उरलाय. आजीला सतरा आठवतात, रोज एक-दोन वाढतात.

दुपारी आबाजी आले. बंडीच्या खिशातून बटणांचा मोबाईल काढला. "माह्या झडत्या मले दे याच्यात." कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. २ जीबी. त्यात दोन फोल्डर, 'भजन' आणि 'पोळा डीजे', आणि गायकाच्या जागी तीच वेबसाइट.

"हे कोठून भरले होते आबाजी?"

"आर्वीले, बसस्टँडजवळ एक पोट्टा होता."

मी काही बोललो नाही. चारही झडत्या टाकल्या, क्रमानं, एकेक करून. खोकल्यासकट. त्यांनी कानाला लावून पहिली पूर्ण ऐकली, मान हलवली आणि उठताना टेबलावर वीसची नोट ठेवली. नको नको म्हणत पायरीपर्यंत गेलो, पण ऐकतील तर ते आबाजी कसले.